वडाराच्या घरातला दिग्दर्शक

लग्नाच्या हळदीत 'झिंगाट' वाजलं की आपल्यातली एकही बाई जागेवर बसत नाही. आज त्या 'सैराट' पिक्चरच्या दिग्दर्शकाबद्दल बोलायचंय, नागराज मंजुळे यांच्याबद्दल. पण सुरुवात पिक्चरपासून नको, पाट्या-वरवंट्यापासून करू.

मिक्सर यायच्या आधी आठवडी बाजारात वडारणी बसायच्या. पुढ्यात पाटे, वरवंटे, जाती. आपल्या घरचा पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून द्यायच्या. वडार म्हणजे दगड-मातीत राबणारा समाज. गाडीवर दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, पाटे घडवणारे पाथरवट. विहिरी, रस्ते, धरणं, रेल्वेचे भराव यांत या माणसांचा घाम आहे. काम असेल तिथं पाल टाकायचं, काम संपलं की पुढचं गाव.

इंग्रजांना अशा फिरत्या लोकांचा संशय यायचा. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. अख्खी जमातच जन्मानं गुन्हेगार! नावं पोलिसांच्या वहीत, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहतच होती, लोक तिला सेटलमेंट म्हणत. स्वातंत्र्य मिळाल्यावरसुद्धा हा कायदा जायला १९५२ चा ऑगस्ट उजाडला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठी. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत. वडार आणि कैकाडी त्यातलेच.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याच देशातून बाहेर पडले. त्यांच्या बोलीत पाण्याला पाणीच म्हणतात, कानाला कान आणि नाकाला नाख. तिकडेही त्यांच्यावर चोर म्हणून शिक्का. रुमानियात त्यांना १८५६ पर्यंत गुलाम म्हणून ठेवलं होतं, आणि हिटलरच्या छावण्यांत तर लाखोंनी मारलं. त्यांच्यातूनही पुढे लेखक झाले, प्राध्यापक झाले, सिनेमावाले झाले. तोनी गातलिफ नावाच्या दिग्दर्शकाचा 'लाचो द्रोम' हा १९९३ चा सिनेमा सुरूच होतो राजस्थानातून. आपल्या माणसांची गोष्ट आपण सांगायची, ही ओढ तिकडेही तीच.

आता जेऊरला येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं हे गाव. इथल्या वडार घरातले नागराज पुणे विद्यापीठातून मराठी साहित्यात एम.ए. झाले. आधी कवी, मग दिग्दर्शक. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह. मग नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात ते सिनेमा-पत्रकारितेकडचं शिकले आणि तिथेच 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण शाळा नशिबी नसलेल्या पोराची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठी साहित्य शिकल्याचा काय उपयोग, असं आपल्याकडे पोरांना सर्रास विचारतात. मीही बी.ए.ला असताना ऐकलंय. पण लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे कैकाडी घरातलं आत्मकथन १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली, आणि दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. पोलिसांच्या वहीपलीकडे या लोकांची नोंद अशी पुस्तकांतून झाली. नागराज त्याच वाटेवरचे, हातात कॅमेरा एवढाच फरक, असं मला वाटतं.

'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळेत जाणारा जब्या, त्याला वर्गातली एक मुलगी आवडते, आणि घरच्यांबरोबर त्याला गावातली डुकरं धरावी लागतात, सगळ्या गावासमोर. बापाचं काम किशोर कदमांचं, आईचं छाया कदमांचं. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला आणि नागराजना पहिल्या चित्रपटासाठी, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

त्यातला एक प्रसंग. डुक्कर अगदी हातात येणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर निघून जातं. आम्ही गटात हा पिक्चर लावला तेव्हा इथं काही जणी हसल्या. खाणीवर काम करणारी आमची एक वडार ताई हसली नाही. ती म्हणाली, "अगं, त्यांचा दिवस गेला."

'सैराट' २०१६ चा. पाटलाची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मासेमाऱ्याच्या परश्यावर जीव टाकते. गाण्यांवर सगळे नाचले, शेवटी बाळाच्या पावलांचे रक्ताचे ठसे पाहून थिएटर गप्प झालं. नंतरच्या 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन आहेत, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांवरून घेतलेला. मला मात्र त्यांचा सगळ्यात आवडतो तो छोटा 'पावसाचा निबंध'. गुरुजी पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि पोराचं घर गळत असतं. आपल्या नेरळच्या पावसात ज्यांनी छपराखाली पातेली मांडलीत, त्यांना जास्त सांगायला नको. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाही मिळाला.

हे सगळं आज सांगायचं कारण आमची ती ताईच. तिच्या मुलीला दहावीनंतर प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा आहे. विमुक्त जातींसाठी पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे तेव्हा घरातले लोक महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात ही, असा. तिचे आजेसासरे आयुष्यभर पालात. सातबारा नाही, घरपट्टी नाही. पूर्वी सरकार या माणसांची हजेरी पोलीस ठाण्यात घेत होतं, शाळेत नव्हे. आणि आता दाखल्याला चालतो तो त्याच जुन्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा! घरातलं एक पोर तेव्हा चार दिवस जरी पटावर असतं तरी आज नातीचं काम झालं असतं.

म्हणून आम्ही शोध सुरू केलाय. चुलत आजोबा, आत्या, सासऱ्यांचे भाऊ, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं कुणीही १९६१ च्या आधी कुठल्याही गावच्या शाळेत गेलं असेल, तर त्या शाळेत अर्ज करून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागायचा. जात आणि जन्मतारीख त्यात नीट लिहिलीय का, ते तिथंच वाचून घ्यायचं. ताईच्या एका चुलत सासऱ्यांचं नाव करमाळ्याकडच्या शाळेत असावं असं घरचे म्हणतात. पुढच्या आठवड्यात ती आणि मी जाणार आहोत.

पुढच्या बैठकीत 'पावसाचा निबंध' लावू. ज्यांच्या घरी असे जुने शाळेचे दाखले असतील त्यांनी येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच पेटीत राहू दे.