माणदेशांतील हलकी फटफटी

माणदेशाचा इतिहास लिहूं पाहणारा मनुष्य दुष्काळापासून प्रारंभ करतो, खिल्लार बैलांवर आणि मेंढरांवर येतो, शिखर शिंगणापूरच्या महादेवाला व म्हसवडच्या सिद्धनाथाला नमस्कार करतो, आणि बहुधा तेथेंच थांबतो. त्या प्रदेशांतील माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं कसा जातो, हा प्रश्न त्याला इतिहासाच्या योग्यतेचा वाटत नाहीं. आम्हांस तो वाटतो. पाऊस सरासरीनें पांचशे मिलिमीटरच्या आसपास, गांवापासून दूर विखुरलेल्या वाड्या आणि वस्त्या, आणि दवाखाना, बाजार, कचेरी हीं सर्व दहिवडीस किंवा म्हसवडास. अशा मुलखांत घरीं स्वतःचें वाहन असणें ही चैन नव्हे. म्हणून हलकी, लहान इंजिनाची, रस्त्यावर कायद्यानें चालवितां येईल अशी चिनी बनावटीची मोटारसायकल घ्यावी कीं घेऊं नये, असा प्रश्न कोणी शेतकऱ्याच्या मुलानें केला, तर त्याला हंसण्याऐवजीं त्या प्रश्नाचा इतिहास सांगणें आम्हांस अधिक उपयुक्त वाटतें. त्याचे पैसे एका हंगामाचे असतात. चुकीची गाडी घेतली तर दुसरी घेण्यास दुसरा चांगला पाऊस पडावा लागतो.

प्रथम वजनाची गोष्ट. साताऱ्याहून पंढरपुरास जाणारा रस्ता पुसेगांव, दहिवडी, गोंदवलें, म्हसवड असा जातो. पण माणसाचें घर क्वचितच त्या रस्त्यावर असतें. तो सोडला कीं मुरमाची वाट, कोरड्या ओढ्यांतील वाळू, आणि महादेवाच्या डोंगररांगेचे चढ. वाळूंत रुतलेली जड गाडी एकट्यादुकट्याला बाहेर काढतां येत नाहीं. १९६१ सालापासून म्हैसुरास तयार होऊं लागलेली २५० सी. सी. ची जावा, किंवा एस्कॉर्ट्सची १७५ सी. सी. ची राजदूत, या गाड्या दणकट खऱ्या. राजदूतनें तर देशांतील कितीतरी दूधवाल्यांचा संसार ओढला. परंतु त्या जड, आणि त्यांचें पेट्रोल पुरविणें खात्यापित्या घरचेंच काम. १९७२ मध्यें निघालेल्या बजाजच्या चेतकसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहावी लागे. परवान्यांच्या त्या राज्यांत गाडी निवडणें ही क्रियाच अस्तित्वांत नव्हती. जी मिळेल ती आपली.

त्याच १९७२ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, कायनेटिक इंजिनियरिंगनें लूना काढली. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या चाओ या गाडीवरून तिचा घाट घेतलेला होता, ५० सी. सी. चें इंजिन, सायकलसारखे पायटे, आणि गिअर बदलण्याची कटकट नाहीं. आमच्या मतें महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनांत या गाडीनें जो पालट केला, त्याची नोंद आमच्या वाङ्मयानें पुरेशी घेतलेली नाहीं. शाळामास्तर, ग्रामसेवक, पोस्टमन, विमा विकणारा, नऊवारी नेसलेली परिचारिका, यांपैकीं कोणीही मोटारसायकलवर बसण्याचा विचार केला नसता; लूनेवर ते बसले. पेट्रोल संपलें तर पायटे मारीत घर गांठतां येई. तेल पेट्रोलांत मोजून मिसळावें लागे. माप चुकलें तर मागें धुराचा लोट आणि पुढें चालकाची फजिती. दुरुस्तीला पाना, पक्कड आणि सायकलवाला पुरत असे. लूनेचें खरें सामर्थ्य या सायकलवाल्यांत होतें. जी वस्तु गांवांतला माणूस खोलूं शकतो, तीच गांवांत टिकते.

पुढें १९८० मध्यें होसूरची टीव्हीएस ५० आली, १९८१ मध्यें बजाजची एम ५०, आणि १९८६ मध्यें एम ८०. एम ८० दिसायला स्कूटर नव्हे, मोटारसायकलही नव्हे. तिला कोणी सुंदर म्हटल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. पण दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, मागें चाऱ्याची पेंढी, आणि पुढें पायांपाशीं धान्याचें पोतें, हें सर्व घेऊन ती चढ चढे. याच कुळांतली टीव्हीएसची एक्सएल १०० ही गाडी २०१५ मध्यें निघाली, आणि पुढला भाग मोकळा ठेवण्याची ती जुनी सोय तिनें कायम ठेवली. शहरांतील मंडळींना ही गाडी गरिबीची खूण वाटते. आम्हांस ती ओझें आणि माणूस यांचा हिशेब चोख जमविणारी गाडी वाटते.

आतां चीनचा संबंध येथें कोठून आला, तें पाहूं. त्याचें मूळ जपानांत आहे. होंडानें १९५८ सालीं सुपर कब ही ५० सी. सी. ची गाडी काढली. २०१७ पर्यंत तिच्या कुळांतल्या दहा कोटी गाड्या झाल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याच कंपनीनें सीजी १२५ काढली, आणि ती काढण्यामागील विचार मोठा मौजेचा आहे. गरीब देशांतील ग्राहक वेळेवर तेल बदलीत नाहीं, हवेची जाळी साफ करीत नाहीं, आणि गाडीवर नको तितकें ओझें घालतो, असें कारागिरांच्या पाहणींत आढळलें. त्याला उपदेश करण्याऐवजीं त्यांनीं इंजिनच असें रचलें कीं, हयगय झाली तरी तें चालावें. वरच्या बाजूची नाजूक साखळी काढून टाकली आणि तिच्या जागीं साधे दांडे घातले. माणच्या धुळीसाठीं याहून योग्य विचार आम्हांस सुचत नाहीं. भारतांत मात्र होंडाचें जें इंजिन रुजलें तें दुसरें. १९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० आली, ९७ सी. सी. चें तिचें आडवें इंजिन कबच्याच घराण्यांतलें. थोडक्या पेट्रोलांत लांब जाणारी, धूर न सोडणारी ही गाडी हळूहळू जुन्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांची जागा घेती झाली.

सीजी १२५ चें भाग्य चीनमध्यें उघडलें. चोंगचिंग येथील च्यालिंग हा मूळचा दारूगोळ्याचा कारखाना १९७९ पासून लहान मोटारसायकली करूं लागला, आणि पुढें त्यानें होंडाशीं सहकार्य केलें. त्याच शहरांत १९९२ सालीं यिन मिंगशान या गृहस्थांनीं लिफान कंपनी काढली. हे आधीं पुस्तकांच्या धंद्यांत होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष आवडेल. एका कारखान्यानें इंजिन, दुसऱ्यानें सांगाडा, तिसऱ्यानें दिवा करावा, आणि ज्याला वाटेल त्यानें ते जुळवून त्यावर आपलें नांव लावावें, अशी तेथील रीत पडली. म्हणून किंमत उतरली. म्हणूनच एका नांवाच्या दोन गाड्यांचे भागही नेहमीं सारखे निघत नाहींत. इतकी गाडी करणाऱ्या त्या देशानें आपल्या कित्येक शहरांत मोटारसायकलीला बंदी केली, हाही एक विनोदच. ग्वांगझौ शहरांत ती १ जानेवारी २००७ पासून आहे.

या स्वस्ताईचा पहिला मोठा तडाखा व्हिएतनामला बसला. २००० च्या सुमारास तेथें चिनी सुट्या भागांच्या गाड्या लाखांनीं आल्या, आणि जपानी गाडीचा बाजार बसला. होंडानें २००२ च्या आरंभीं वेव्ह अल्फा ही बरीच स्वस्त गाडी आणली, सरकारनेंही आयातीवर मर्यादा घातली, आणि गेलेला ग्राहक पुष्कळसा परत आला. त्यानें चिनी गाडी वापरून पाहिली होती. ती लवकर खिळखिळी होते हें त्याला छापील कागदावरून कळलेलें नव्हतें. परंतु चिनी गाडी आली नसती तर होंडानें किंमत उतरविली असती कां? आम्हांस नाहीं वाटत.

भारतांत हा लोंढा आला नाहीं. १ एप्रिल २००१ रोजीं आयातीवरील संख्येचीं बंधनें उठलीं, तेव्हां येथील कारखानदार धास्तावले होते. पण जकात भारी होती, आणि दुसरी भिंत कायद्याची होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं नोंदणीवांचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. आणि नोंदणी व्हावयाची तर त्या नमुन्याची परीक्षा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून झालेली असावी लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या गाडीला दोन्ही चाकांचे जोडब्रेक, त्यापुढच्या गाडीला एबीएस, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस ६ हा कडक नियम लागू झाला. त्याच एप्रिलांत शेजारच्या देशांतून येणाऱ्या भांडवलाला सरकारी मंजुरीची अटही आली.

तरी चिनी गाडी वेश पालटून आली आहे. बेनेली हें १९११ सालचें इटालियन नांव २००५ पासून चीनच्या छ्येन्च्यांग कंपनीकडे आहे. पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सनें तें २०१५ मध्यें येथें विक्रीस आणलें, आणि २०१८ मध्यें तें हैदराबादच्या महावीर समूहाकडे गेलें. त्या गाड्या मोठ्या, माणच्या कामाच्या नव्हेत. आमच्या प्रश्नाला जवळची गाडी म्हणजे त्याच छ्येन्च्यांगच्या कीवे या शाखेची एसआर १२५. ती २०२२ च्या ऑक्टोबरांत आली. हलकी, १२५ सी. सी. ची, हवेनें थंड होणारी, पूर्णपणें पासिंगची. किंमत मात्र १ लाख १९ हजार, आणि त्याच वेळीं शंभर सी. सी. ची देशी गाडी पुष्कळच कमी पैशांत मिळत होती. म्हणजे व्हिएतनामांत जी चिनी गाडी गरिबाची म्हणून गेली, ती येथें शौकिनाची म्हणून आली. शौक असेल तर ती घेण्यास आमची हरकत नाहीं. पण क्लचची प्लेट किंवा आरसा दहिवडीच्या दुकानांत मिळतो कीं पुण्याहून मागवावा लागतो, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. आणि विक्रेत्याला न विचारतां मिस्त्रीला विचारावें.

याहून स्वस्त, परदेशी बनावटीची, नंबर नसलेली छोटी फटफटी “शेतांत चालवायला” म्हणून कोणी देऊं करतो. तिच्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. शेत संपून रस्ता लागला कीं ती बेकायदेशीर होते, आणि नोंदणी नाहीं म्हणजे कायद्यानें सक्तीचा असलेला तिसऱ्या पक्षाचा विमाही नाहीं. वाटेंत एखादी म्हातारी तिच्याखालीं सांपडली, तर भरपाई विमा कंपनी देणार नाहीं. चालविणाऱ्याचें रान विकून ती द्यावी लागेल. दुष्काळानें जें रान सोडलें तें असल्या गाडीपायीं जावें, हें आम्हांस पाहवणार नाहीं.

सोळा वर्षांच्या मुलाला ५० सी. सी. पर्यंतची गाडी चालविण्याची मुभा १९८८ च्या कायद्यांत ठेवली होती. तितक्या लहान इंजिनाची नवी गाडी दुकानांत मिळेनाशी झाली, आणि मुभा कागदावर राहिली. तिची जागा कांहीं अंशीं विजेच्या स्कूटरनें घेतली. तिची शक्ति २५० वॅटच्या आंत आणि वेग ताशीं २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर नोंदणी लागत नाहीं. तिच्या बॅटरीचे घटक आणि मोटार पुष्कळदां चीनमधूनच आलेलीं असतात. बोर्डावरचें नांव देशी, पोटांतला माल परदेशी, असा हा प्रकार आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत लूनाही विजेवर परत आली. नांव तेंच, पण पेट्रोलची टाकी नाहीं, आणि तेल मिसळण्याचें मापही नाहीं.