मायना, तार आणि यंत्राचे उत्तर : सामाजिक माध्यमांतील संवादाची पूर्वपीठिका

सामाजिक माध्यमांवरील स्वयंचलित उत्तरे ही एकविसाव्या शतकाची निर्मिती मानली जाते. तंत्रापुरते ते खरे आहे. परंतु ठरावीक शब्दांतून आपुलकी व्यक्त करण्याची रीत पुष्कळ जुनी असून तिच्याकडे पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाचे नेमके स्वरूप ध्यानात येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठी पत्रव्यवहारात मायना नात्यानुसार व दर्जानुसार ठरलेला असे. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’ लिहावयाचे. ‘विनंती विशेष’पर्यंतचा मजकूर कारकून सवयीने लिहून टाकी. खरे पत्र त्या ‘विशेष’नंतर सुरू होई. साचा होता, पण तो साचा आहे हे उभय पक्षांस ठाऊक होते.

तारेने हा साचा क्रमांकावर आणला. भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांस खुली झाली. पुढे शुभेच्छांच्या तारांसाठी वाक्यांची क्रमांकित यादी रूढ झाली; पाठविणारा केवळ क्रमांक लिही आणि पलीकडचे तारघर त्याचे पूर्ण वाक्य करून देई. लग्नघरी एकाच शब्दांच्या अनेक तारा येत, तरी त्या कृत्रिम म्हणून कोणी टाकून देत नसे. शब्द खात्याचे असले तरी नाव आप्ताचे होते, आणि तो तारघरापर्यंत चालत गेला होता. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली.

खरा बदल घडला तो १९६६ मध्ये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संगणक-कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची करामत. ‘मी दुःखी आहे’ असे लिहिले की ‘आपण दुःखी का आहात?’ अशा धर्तीचे उत्तर येई. तरीही त्यांच्या सचिव महिलेने, हे काम अनेक महिने पाहिलेले असूनही, त्याच्याशी ‘बोलताना’ वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि १९७६ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रावर कोणती कामे सोपवू नयेत याची चर्चा केली. साचा ओळखूनही माणूस त्यात ऐकणारा शोधतो, हे येथे प्रथमच इतके स्पष्ट झाले. मायन्याच्या वा तारेच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता; तेथे कोणीतरी खरोखर होते.

सामाजिक माध्यमांचा इतिहास याच पेचाभोवती फिरतो. मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर सोडलेले ‘टे’ हे संभाषणयंत्र लोकांनी शिकविलेली द्वेषाची भाषा बोलू लागल्याने एका दिवसातच मागे घ्यावे लागले. हे प्रकरण गाजले खरे, पण २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसचा परिणाम लेखकास अधिक खोल वाटतो. स्वागताचा, अनुपस्थितीचा संदेश आपोआप पाठविण्याची सोय त्याने लहान दुकानदारापर्यंत नेली. याउलट मुंबई पोलिसांचे डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेले ट्विटर खाते लोकप्रिय झाले ते मिश्कील, प्रसंगोचित उत्तरांमुळे.

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांकडेही असे शेकडो संदेश येतात. वेळापत्रक वा शुल्काची मुदत यंत्राने कळविण्यास हरकत नाही. तेथे तत्परता हीच आस्था. मात्र शिष्यवृत्ती न आल्याने शिक्षण सोडावे लागेल असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस ‘आपला संदेश प्राप्त झाला’ एवढेच उत्तर गेले, तर तो संदेश पुढे कोणी वाचला, हे तिला कळण्याचा मार्ग उरत नाही. तारेखाली निदान नाव असे.