पोर्ट मिररिंग : नेटवर्कमधील वाहतुकीचा आरसा

कार्यालयातील नेटवर्क अचानक मंदावले, की दोष शोधण्यासाठी तारांमधून धावणारी माहिती प्रत्यक्ष पाहावी लागते. हबच्या काळात हे सोपे होते. एका पोर्टवर आलेली माहिती हब इतर सर्व पोर्टवर पाठवीत असे. स्विचने ही पद्धत बदलली. कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे, हे तो मॅक पत्त्यांवरून जाणतो आणि माहितीची पॅकेट्स त्याच पोर्टकडे धाडतो. त्यामुळे नेटवर्कची कार्यक्षमता वाढली. मात्र तपासणी करणाऱ्याच्या संगणकापर्यंत इतरांची वाहतूक पोहोचेनाशी झाली. ही अडचण 'पोर्ट मिररिंग' दूर करते.

ही सोय प्रामुख्याने 'मॅनेज्ड' स्विचमध्ये असते. तीत निवडलेल्या स्रोत पोर्टवरील वाहतुकीची प्रत दुसऱ्या, म्हणजे गंतव्य पोर्टवर पाठविली जाते. सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये तिला 'स्पॅन' म्हणतात. गंतव्य पोर्टला जोडलेल्या संगणकावर 'वायरशार्क'सारख्या प्रणालीने पॅकेट्सचे विश्लेषण करता येते. १९९८ मध्ये 'इथिरियल' या नावाने आलेल्या या मोफत प्रणालीला २००६ मध्ये सध्याचे नाव मिळाले.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये 'मॉनिटर सेशन १' ही आज्ञा दोनदा द्यावी लागते. पहिल्यांदा 'सोर्स इंटरफेस' लिहून स्रोत पोर्ट आणि नंतर 'डेस्टिनेशन इंटरफेस' लिहून गंतव्य पोर्ट सांगावा लागतो. येणारी, जाणारी की दोन्ही दिशांची वाहतूक हवी, हेही ठरविता येते. 'शो मॉनिटर' या आज्ञेने मांडणी पडताळता येते. एका पोर्टऐवजी संपूर्ण व्हीलॅन स्रोत म्हणून निवडता येतो. तपासणीचा संगणक दुसऱ्या स्विचवर असेल, तर राखीव व्हीलॅनमधून प्रत नेणारी 'आरस्पॅन' ही पद्धत उपयोगी पडते.

गंतव्य पोर्ट निवडताना मात्र दक्षता हवी. तो पोर्ट नेहमीच्या वाहतुकीतून बाहेर पडतो. चुकून मुख्य स्विचकडे जाणारा अपलिंक पोर्ट निवडला गेला, तर संपूर्ण मजल्याचा संपर्क तुटू शकतो. त्याच मार्गाने दुरून काम करणारा प्रशासकही बाहेर फेकला जातो आणि चूक सुधारण्यासाठी त्याला स्विचपाशी धाव घ्यावी लागते.

दुसरी मर्यादा क्षमतेची. १ गिगाबिट वेगाच्या पोर्टवर दोन्ही दिशांची मिळून २ गिगाबिटपर्यंत वाहतूक होऊ शकते. तिची प्रत १ गिगाबिटच्या पोर्टवर मावत नाही. उरलेली पॅकेट्स गळतात. मूळ वाहतूक सुरळीत असूनही विश्लेषणात पॅकेट्स हरवल्यासारखी दिसतात आणि निदान चुकते. अशा वेळी एकाच दिशेची प्रत घ्यावी किंवा अधिक वेगाचा गंतव्य पोर्ट वापरावा. शिवाय, सदोष तारेमुळे बिघडलेली पॅकेट्स स्विच सहसा आधीच टाकून देतो. ती आरशात उमटत नाहीत. त्यासाठी पोर्टवरील त्रुटींची नोंद तपासावी लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. सांकेतिकीकरण केलेल्या वाहतुकीतील मजकूर वाचता येत नसला, तरी कोणता संगणक कोणाशी संपर्कात आहे, हे कळते. टेलनेट वा एफटीपीसारख्या जुन्या पद्धतींत तर पासवर्डही उघडा दिसतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमधील माहितीची प्रत घेणाऱ्यावर नुकसानभरपाईचे दायित्व येते. म्हणून लेखी परवानगी घ्यावी, आवश्यक तेवढेच पोर्ट निवडावेत आणि काम संपताच 'नो मॉनिटर सेशन १' ही आज्ञा देऊन मिररिंग बंद करावे. विसरून चालू राहिलेला आरसा पुढे त्या पोर्टला संगणक जोडणाऱ्या कोणाच्याही हाती इतरांची माहिती देऊ शकतो.