मढचा ढ आणि स्क्रॅबलमधला एच : छोट्या इंग्रजी शब्दांची मोठी गोष्ट

वेसाव्याच्या धक्क्यावरून तरीत बसले की थोड्याच वेळात खाडीपलीकडचे मढ येते. गावाचे नाव मराठीत दोन अक्षरांचे, रोमन पाटीवर चार अक्षरांचे : एम, ए, डी, एच. ही पाटी वाचून कोणी 'मध' म्हणतो, कोणी 'मॅड'. गावाच्या नावातला ढ पाटीवर उतरतच नाही. त्याच्या जागी उरतो तो शेवटचा एच. या एका अक्षराला दोन शतकांचा इतिहास आहे. याच एचमुळे घाट, घी, डाळ, ढोल असे आपले कितीतरी शब्द आज जगभरच्या शब्दखेळाडूंना तोंडपाठ असतात, बहुधा अर्थ न कळता. हा धागा त्या एचविषयी.

सुरुवात खेळापासून. आल्फ्रेड मोशर बट्स हा अमेरिकी वास्तुरचनाकार. जागतिक मंदीत त्याची नोकरी गेली आणि त्याने शब्दांचा एक खेळ रचायला घेतला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे ठरवण्यासाठी त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'ची पाने घेऊन अक्षरे मोजली. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव देऊन तो बाजारात आणला. शंभर सोंगट्यांत एच दोनच, प्रत्येकी चार गुणांचे.

इंग्रजीत एच बहुतेक वेळा टी, एस, सी किंवा डब्ल्यू यांच्या सोबतीने येतो. हातात जी किंवा डी असेल आणि एच अडला असेल, तर सामान्य खेळाडूची पंचाईत होते. मुरलेला खेळाडू अशा वेळी पाठ केलेल्या याद्या आठवतो. जी-एचने सुरू होणारे छोटे शब्द, डी-एचने सुरू होणारे, के-एचचे, बी-एचचे. या याद्या शब्दकोशाच्या क्रमाने नव्हे, तर समान अक्षरांवरून लावलेल्या असतात. त्या वाचताना मराठी माणसाला क्षणभर आपण किराणा दुकानाची यादी वाचतो आहोत, असे वाटावे.

जी-एचची यादी तर एक छोटे संग्रहालयच आहे. 'घोस्ट' म्हणजे भूत. जुन्या इंग्रजीत या शब्दात एच नव्हता. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याआधी तो बराच काळ फ्लँडर्समध्ये राहिला होता, आणि तिकडच्या लेखनाच्या सवयीने हा एच इंग्रजी भुताच्या मानगुटीवर बसला, असे भाषेचे इतिहासकार मानतात. 'घेटो' व्हेनिसचा, तेथे १५१६ मध्ये ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत राहण्याची सक्ती झाली. इटालियन लेखनात ई या स्वरापूर्वी ग चा उच्चार टिकवायला एच लागतो, एवढेच त्याचे काम. 'घूल' हा अरबी पिशाच्च. त्याच्यातील एच अरबीतल्या घशातून येणाऱ्या 'गैन' या वर्णाची खूण आहे. आणि मग येतात 'घाट' व 'घी'. दिसायला सर्वांचा एच सारखाच, परंतु मूळ उच्चारातला श्वास, ज्याला आपले व्याकरणकार महाप्राण म्हणतात, तो फक्त या शेवटच्या दोघांत आहे.

स्क्रॅबलमध्ये शब्दाचा अर्थ ठाऊक असण्याची सक्ती नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा विजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने फक्त शब्दांची यादी पाठ केली होती. अशा खेळात शब्द म्हणजे रिकामे शिंपले. आतला जीव पाहायचा, तर इतिहासाकडेच जावे लागते.

घाट या शब्दाचेच पाहा. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढण्या-उतरण्याची वाट, नाहीतर नदीकाठच्या पायऱ्या. डोंगररांगेचे नाव सह्याद्री. कोकणातून देशावर जाणारा व्यापारी 'घाट चढून' जाई. तो डोंगराला घाट म्हणत नसे. पोर्तुगीज किनाऱ्यावर आले, त्यांनी वर जाणाऱ्या वाटांचे नाव ऐकले आणि ते अख्ख्या रांगेलाच चिकटवले. इंग्रजांनी तेच पुढे चालवले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा अर्थबदल नोंदलेला आहे : आधी उतरण्याची जागा, मग खिंड, आणि मग युरोपीयांच्या तोंडी संपूर्ण पर्वत. आज आपणही शाळेत 'पश्चिम घाट' असे शिकतो. वाटेने डोंगर गिळला, तो असा.

या शब्दाची पुढची चाल अधिक बोचरी आहे. घाटावरून, म्हणजे देशावरून, मुंबईत पोट भरायला आलेला माणूस 'घाटी' झाला. मूळचा निव्वळ दिशादर्शक शब्द. गिरण्या, गोद्या आणि हमाली यांच्या शहरात तो मराठी कष्टकऱ्याला हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईत तो आजही कानावर येतो. स्क्रॅबलच्या पाटावर 'घाट' आठ गुणांचा निरुपद्रवी शब्द आहे. त्याला एक 'ई'कार लागताच या शहरात काय होते, हे त्या पाटावर कळत नाही.

आता एचकडे. पोर्तुगीजांच्या भाषेत महाप्राण नाहीत. त्यामुळे त्यांच्या लेखनात घाटाचे 'गाटे' झाले, ठाण्याचे 'ताना' झाले. आरंभीच्या इंग्रजांचे कानही फार वेगळे नव्हते. भायखळ्याचे रोमन रूप आजही पाहावे : भ मधला श्वास गेला, ख मधलाही गेला, आणि उरले 'बायकुला'. वेसाव्याचे 'वर्सोवा' करताना मात्र उलट झाले. मुळात नसलेला र आत शिरला. ऐकणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले, आणि लिहिले ते नकाशावर गेले.

या गोंधळावर पद्धतशीर विचार करणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे सर विल्यम जोन्स. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा हा संस्थापक. सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या १७८८ मधील पहिल्या खंडात त्याचा निबंध आहे, तो आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत याच विषयावर. स्वर इटालियन पद्धतीने लिहावेत, व्यंजने इंग्रजी पद्धतीने, हे त्याच्या पद्धतीचे सूत्र. महाप्राणासाठी एच जोडण्याची रीत युरोपला नवी नव्हती. ग्रीक शब्द लिहिताना रोमनांनीही तेच केले होते.

जोन्सच्या विरुद्ध बाजूला होता जॉन गिलख्रिस्ट, फोर्ट विल्यम कॉलेजातला हिंदुस्तानीचा अध्यापक. त्याने स्वर इंग्रजी वळणाने लिहिले : ईकाराला दोन ई, ऊकाराला दोन ओ. या दोन मतांचा वाद अनेक दशके चालला, आणि त्याचे अवशेष आज शब्दखेळाडूंच्या याद्यांत जपलेले आहेत. 'घी' तेथे दोन प्रकारे लिहिता येते. जी-एच-आय हे जोन्सच्या वळणाचे, सात गुण; जी-एच-ई-ई हे गिलख्रिस्टच्या वळणाचे, आठ गुण. 'घाट'चेही जुने, मध्ये यू असलेले रूप अजून ग्राह्य धरले जाते. खेळाडूला हे पर्याय म्हणजे सोय वाटते. प्रत्यक्षात ती एका जुन्या भांडणाची दोन्ही बाजूंची कागदपत्रे आहेत. (मराठी घरात मात्र तूप असते, घी म्हणीपुरते.)

सरकारी निकाल लागला तो विल्यम विल्सन हंटर याच्या हातून. १८७१ मध्ये त्याने भारतीय विशेषनामांच्या रोमन लेखनाची मार्गदर्शिका तयार केली. ती मुख्यतः जोन्सच्या परंपरेतली होती. मुंबई, कलकत्ता, पुणे यांसारख्या फार रुळलेल्या नावांना हात लावायचा नाही, बाकीची नियमाने लिहायची, असा तिचा व्यवहारी तोडगा. घाटाचा 'घॉट' मागे पडून आजचे चार अक्षरी रूप रूढ झाले, ते या काळात. घाटकोपर स्थानकाच्या रोमन पाटीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा एच याच परंपरेचा वारस.

परंतु नियम आला म्हणून चुका थांबल्या नाहीत. काही ठिकाणी एच नको तेथे जाऊन बसला. सर्वांत ठळक उदाहरण बोरघाटाचे. मराठीत 'बोर'; त्यात महाप्राण नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, येथून गाडीरस्ता खुला झाला; १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. इंग्रजी कागदांत मात्र हा 'भोर घाट' झाला, आणि रेल्वेच्या लेखनात तो आजही तसाच दिसतो. पुण्याजवळचे भोर संस्थान वेगळे, ही खिंड वेगळी. एका फाजील अक्षरामुळे दोन्हींची गल्लत करणारे आजही भेटतात.

डाळीचीही तीच गत. मराठी डाळ घ्या, हिंदी दाल घ्या, महाप्राण कशातच नाही. तरीही इंग्रजीत डी-एचने सुरू होणारी 'धाल' रुळली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या शब्दयादीत हा एक पदार्थ चार प्रकारे लिहिता येतो : एचविना, दोन ए घालून, एच दुसऱ्या जागी ठेवून आणि एच तिसऱ्या जागी ठेवून. इंग्रजाला एच भारतीयपणाची खूण वाटू लागला होता, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. शिडाच्या जहाजासाठीचा 'धो' हाही असाच संशयित. त्याचे मूळ अनिश्चित आहे. अरबी नाखवे आपल्या जहाजांना बगला, संबूक अशा प्रकारवार नावांनी ओळखत. आपल्याकडे मचवा, गलबत, शिबाड, गुराब. सगळ्यांना मिळून एकच 'धो' म्हणणे ही पाहुण्यांची सोय होती. (गुराबेचे इंग्रजीत 'ग्रॅब' झाले. आंग्र्यांच्या आरमाराविषयीच्या इंग्रजी मजकुरात हा शब्द वाचून अनेकांना काहीतरी हिसकावण्याचा प्रसंग वाटतो, आणि कधी कधी तो तसा असतोही!)

शेवटी एच आलेला एक शब्दही पाहण्यासारखा आहे : 'लाख', अकरा गुणांचा. मराठीत लाख ही संख्या आणि लाख हा झाडावरच्या किड्यापासून मिळणारा राळेसारखा पदार्थ. पहिली 'लक्ष'पासून, दुसरी 'लाक्षा'पासून. इंग्रजीत एचविना सी-अखेरचे एक तीन अक्षरी रूपही आहे, आणि तेही हे दोन्ही अर्थ सांभाळते. लाखेचा किडा पळसावर पोसतो. त्याच पळसाचे उत्तरेकडचे नाव 'ढाक' आणि तेही शब्दयादीत आहे, डी-एचने सुरू होणारे, बारा गुणांचे.

आणि येथेच मढचा प्रश्न पुन्हा समोर येतो. या यादीतल्या ढोल आणि ढाक यांत ढ आहे. धोबी आणि धोतर यांत ध. रोमन लेखनात दोन्ही डी-एच. अभ्यासाच्या लिप्यंतरात मूर्धन्य वर्णांखाली टिंब देतात. परंतु टपाल, रेल्वे, महसूल आणि पाट्या यांच्या रोजच्या व्यवहारात ते टिंब गळून पडले. ट आणि त, ड आणि द, ढ आणि ध अशा जोड्या एकाच खुंटीला टांगल्या गेल्या. म्हणून 'मढ' आणि 'मध' रोमनमध्ये जुळे भाऊ. पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला, १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला. तीन सत्ता बदलल्या, तरी कोळीवाड्यात नावाचा उच्चार बदलला नाही. तो बदलू लागला पाटी वाचून येणाऱ्यांच्या तोंडी.

गंमत अशी, की गळालेला हा ढ आपल्या लिपीतला एक अत्यंत चिवट वर्ण आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये अशोकाची ब्राह्मी वाचली. त्या वर्णमालेत क, ख, म शोधायला नवख्याला प्रयास पडतात. ढ मात्र पाहताच ओळखू येतो. वरची शिरोरेघ सोडली, तर दोन हजारांहून अधिक वर्षांत त्याच्या आकारात फारसा फरक पडलेला नाही. वर्गात जो पुढे सरकत नाही त्या मुलाला 'ढ' म्हणतात, ते यावरूनच, असे शिक्षक सांगत आले आहेत. याच किनाऱ्यावर उत्तरेला सोपारे आहे. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतही भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. म्हणजे ज्या भूभागात या वर्णाला इतका जुना शेजार आहे, तेथल्याच एका गावाच्या नावातून तो पाटीवर येताना निसटतो.

स्क्रॅबलच्या हिशेबाने एम, ए, डी, एच ही चार अक्षरे ओळीने मांडली, तर तीन, एक, दोन आणि चार मिळून दहा गुण होतात. मात्र खेळाच्या नियमांत विशेषनामे बसत नाहीत. मढच्या तरीतून उतरणाऱ्याला ढोल वाजवता येतो, डाळ चार प्रकारे शिजवता येते, लाख मोजता येतात. गावाचे नाव मात्र पाटावर लावता येत नाही.