बाजूचा उजेड

अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे सरकत सरकत बुलढाण्यावाटे वऱ्हाडांत शिरते. या रांगेंतील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यांत बुद्धाची भव्य मूर्ति आहे आणि तिच्यापुढें वाटाडे एक गंमत करून दाखवीत आले आहेत. दिवा समोर धरला म्हणजे मूर्तीची मुद्रा ध्यानस्थ भासते. तोच दिवा एका बाजूस नेला कीं ती गंभीर होते, आणि दुसऱ्या बाजूस नेला कीं ओठांवर स्मित उमटतें. दगड तोच, दिवा तोच. बदलते ती केवळ दिव्याची जागा. अमरावती-अकोल्याकडील पऱ्हाटीच्या पानावरील मोहरीएवढ्या किड्याचें छायाचित्र ज्याला घ्यावयाचें असतें, त्यालाहि अखेर हाच धडा गिरवावा लागतो.

मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमला गेला. वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. परंतु मध्यंतरीं गिलनें कॅमेरा हातीं घेतला होता. १८६४ सालीं फर्ग्युसनच्या वर्णनासह त्याचीं शंभर जुळीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. दोन भिंगांच्या यंत्रांतून तीं पाहिलीं म्हणजे खांब पुढें येत आणि भिंत मागें सरे. त्या ग्रंथाच्या नांवांत प्राणिसृष्टीचाहि उल्लेख आहे; पण ती सृष्टि मोठ्या जनावरांची. किड्यामुंगीला त्या काळच्या कॅमेऱ्यापुढें मान नव्हता, आणि असता तरी तिला पुरेल असा उजेड कोणापाशीं होता? कागदावर खोली आणण्याचा जुळ्या चित्रांचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग सावलीचा; त्यासाठीं हवा तेथें धरतां येईल असा प्रखर दिवा पाहिजे होता.

त्याच १८६४ सालीं मँचेस्टर येथें मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडांत माणसाचें छायाचित्र घेण्यांत आलें. पुढें १८८७ सालीं मीटे आणि गेडिके या जर्मन गृहस्थांनीं मॅग्नेशियममध्यें पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणांत भडकणारी भुकटी तयार केली. ती पत्र्याच्या तबकांत घालून, हात उंच करून पेटवावयाची. डोळे दिपत, पांढऱ्या धुरानें खोली भरून जाई आणि बेसावध माणसाच्या भुवयाहि जळत. तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा दिवा जन्मतःच कॅमेऱ्यापासून निराळा होता, कारण भडकणारी भुकटी नाकाशीं धरण्याची हौस कोणासच नव्हती. १९२९ सालीं जर्मनींत काचेच्या गोळ्यांतला फ्लॅश निघाला. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत एजर्टन यांनीं वायूनें भरलेल्या नळींतून विजेचा क्षणिक लखलखाट पुनःपुन्हां काढून दाखविला. दिवा निर्धोक व लहान झाला आणि हळूहळू कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढून बसला. सोय झाली खरी, पण चित्रें सपाट झालीं.

लहान वस्तूंच्या बाबतींत तर ही सोय निव्वळ अडचणच ठरते. किडा चित्रपटलावर त्याच्या मूळ आकाराएवढा उमटावयाचा तर भिंग त्याच्या अगदीं जवळ न्यावें लागतें, आणि पटलावर पोंचणारा उजेड चौथाईवर येतो. त्यांत छिद्र बारीक करावें लागतें. तें करूनहि स्पष्ट दिसणारी खोली दोनएक मिलिमीटरांपलीकडे जात नाहीं. वाऱ्यानें पान हलतेंच आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि थोडा वेळ चमकणारा फ्लॅशच येथें हलतें पान थोपवूं शकतो. पण तो कॅमेऱ्याच्या माथ्यावर असला तर भिंगाच्या नळीचीच सावली किड्यावर पडते, किंवा भुंग्याची तकतकीत पाठ एक पांढरा डाग होऊन बसते. म्हणून दिवा खालीं उतरवावयाचा, तारेनें अथवा बिनतारी संकेतानें कॅमेऱ्याशीं जोडावयाचा आणि किड्याच्या बाजूस धरावयाचा. मध्यें पातळ पांढरें कापड किंवा ट्रेसिंगचा कागद असला म्हणजे लव, कांटे, पंखांच्या शिरा सारें उठून दिसतें. दुसऱ्या बाजूस पांढरा कागद ठेवला तर सावलीहि फार काळी होत नाहीं. मात्र दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई उरतो. त्यामुळें मागचें सारें काळोखांत बुडतें, आणि भर दुपारीं टिपलेला तुडतुडा मध्यरात्रींचा वाटूं लागतो! मागें एखादें हिरवें पान धरलें कीं दुपार परत येते.

वऱ्हाडांत हा खटाटोप केवळ हौसेचा नाहीं. १८४२ सालीं भडोचकडे कापसावर आढळलेल्या एका पतंगाचें शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनीं १८४३ सालीं केलें. तीच आजची गुलाबी बोंडअळी. पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय यांच्या १९०९ च्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील किडींचीं रंगीत चित्रें आहेत, तीं कुंचल्यानें काढलेलीं. चित्रकाराला सावली कोठें पाडावयाची हें ठरवितां येतें. कॅमेऱ्याला तें स्वातंत्र्य दिव्यावांचून नाहीं. या अळीचें अंडें जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचें. अळी बोंडांत शिरली कीं तिचें छिद्र बुजतें आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसतें. २०१७ सालीं या अळीनें विदर्भांतील कापसाचा घास घेतला. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि बोंडअळी यांचे उपाय निरनिराळे आहेत. समोरच्या झगझगाटांत फुलकिडा पानावरचा पिवळा ओरखडा वाटला तर पुढचें औषधहि चुकावयाचें. १९६९ सालीं अकोल्यास पंजाबराव देशमुखांच्या नांवानें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्यासारख्या संस्थांकडे सल्ल्यासाठीं धाडलेलें छायाचित्र म्हणूनच स्पष्ट पाहिजे.

आतां बांधावरच्या शेतकऱ्याच्या खिशांतहि कॅमेरा आहे. पण त्या मोबाइलाचा दिवा भिंगाला अगदीं खेटून असतो, म्हणजे जुनी अडचण कायमच. तो दिवा बंद ठेवावा, आणि घरांतल्या कोणाला तरी दुसरी बॅटरी पांढऱ्या धोतराच्या चिंधीआडून बाजूनें धरावयास सांगावें. पाकळ्या चिकटून मिटलेली डोमकळी अलगद उकलली कीं आंत पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी दिसते, आणि तिची बारीक सावली पिवळ्या पाकळीवर पडलेली असते.