न्यायाधीश निवडावा कोणी?

न्यायाधीश आपला निवाडा करतो. पण त्याची निवड करावी कोणी? २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, सरन्यायाधीश झाला तरी तोही माणूसच. नकाराधिकार एकट्याच्या हाती देणे धोक्याचे. म्हणून घटनेत नुसता ‘विचारविनिमय’ आला.

पुढे या एका शब्दावरून न्यायमूर्तींतच मतभेद झाले. १९८१ साली सातजणांच्या पीठाने बहुमताने शेवटचा शब्द सरकारला दिला. तरी त्याच निकालात न्या. भगवतींनी, शिफारशीसाठी मंडळ असावे, असे सुचविलेच. १९९३ साली नऊजणांच्या पीठाने तो निकाल फिरवला, न्या. वर्मांनी बहुमत मांडले, न्या. अहमदींनी विरोध नोंदवला. न्यायवृंद आला तो येथून.

संसदेने २०१४ साली आयोग नेमायचे ठरवले. २०१५ साली तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. एकटे पडलेले न्या. चेलमेश्वर म्हणाले, ही निवड लोकांच्या नजरेआड होते. गंमत अशी, की आयोग नाकारणाऱ्या न्या. कुरियन जोसेफ यांनीही न्यायवृंदाचे दोष मान्य केले!

सरकार निवडील तर दबावाची भीती, न्यायाधीश निवडतील तर बंद दाराची. कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या पक्षकाराला मात्र दोन्हींतून सुटका हवी आहे.