वायव्य मार्ग
कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रातून युरोपाहून आशियाला जाणारी जलवाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिचा शोध जोरात होता. १८१९ साली ब्रिटिश दर्यावर्दी विल्यम पॅरी ‘हेक्ला’ व ‘ग्रायपर’ ही जहाजे घेऊन मेलव्हिल बेटापर्यंत पोचला. खलाशांनी करवतींनी बर्फ कापून जहाजांपुरती वाट काढली आणि हिवाळाभर तिथेच मुक्काम ठोकला. सूर्य न उगवणाऱ्या त्या महिन्यांत त्यांनी जहाजावर नाटकेही केली. याच शोधात १८४५ साली निघालेला ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिन मात्र १२८ सोबत्यांसह बर्फातच संपला. ही संपूर्ण वाट जहाजाने प्रथम ओलांडली ती नॉर्वेच्या आमुन्सेनने, १९०३–०६ मध्ये.